चौतीस डॉक्टर आणि एक वाकडी पाठ

४ सप्टेंबर २०१२, मंगळवार

आजपासून ही वही. बेव्ह म्हणाली, "दिवसभर माझ्यापाशी जी कटकट करतेस ती कागदापाशी कर. कागद सुट्टी मागत नाही." बेव्ह प्रुइट पंचवीस वर्षं आमच्या दवाखान्याचं टेबल सांभाळते आहे. दवाखान्याच्या पाटीवर नाव माझं आहे, बाकी सगळं तिचं.

कटकटीचं कारण असं. आमच्या भागातल्या ऑस्टिओपथी डॉक्टरांचं, म्हणजे औषधांबरोबर हातानेही हाडं-स्नायू सरळ करणाऱ्या डॉक्टरांचं, दर ऑक्टोबरात शिबिर असतं. आम्हा डॉक्टरांना तीन वर्षांत ठरावीक तास शिकावंच लागतं, आणि या वेळचा फेरा डिसेंबरअखेर संपतो. औषधांवरची व्याख्यानं संगणकापुढे बसून ऐकता येतात. पण हाताने करायचे उपचार शिकायचे तर एकाने टेबलावर आडवं व्हायचं, दुसऱ्याने त्याची पाठ चाचपायची, मग अदलाबदल. हे शिबिर माझ्या नवऱ्याने, वेंडलने, बावीस वर्षं चालवलं. तो गेल्यावर ते कसंबसं तग धरून आहे. गेल्या वर्षी अकरा जण आले, त्यातले दोघे नुसते जेवायला.

आता राज्य संघटनेचं पत्र आलंय. या वर्षी निदान तीस डॉक्टर जमले पाहिजेत. शिवाय त्यांची परीक्षक येणार, एका रुग्णाला सगळ्यांसमोर आधी तपासायचं, उपचार करायचे, पुन्हा तपासायचं, आणि फरक प्रत्येकाच्या हाताला कळला पाहिजे. नाही जमलं तर शिबिर बंद. पुढच्या वर्षापासून चित्रफिती.

डॉक्टरांच्या गुरुवारच्या बैठकीत शिबिराचं प्रमुख कोण होणार असा प्रश्न आला तेव्हा सगळे आपापल्या ताटात बघत होते. मी एकटीने मान वर केली. झाले प्रमुख!

मी हे वेंडलसाठी करत नाहीये. मला स्वतःलाच सोळा तास कमी पडताहेत. तीन वर्षांत एकाही शिबिराला जाणं झालं नाही. कामच तसं होतं.

डोकं दुखतंय. नवी उशी काही खरी नाही.

९ सप्टेंबर, रविवार

पेनॉक सरांना फोन केला. कर्क्सव्हिलला कॉलेजात त्यांनी मला शिकवलं, वेंडललाही शिकवलं, आम्ही भेटलो तेही त्यांच्याच वर्गात, एकाच टेबलावर. आता एक्याऐंशी वर्षांचे आहेत. मला वाटलं, नाही म्हणतील.

"येतो की," म्हणाले. "बायको म्हणते घरात पायात पायात येता. तुझी मान कशी आहे?"

"माझ्या मानेला काय धाड भरलीये, सर?"

"फोनवर आवाज वाकडा येतोय."

म्हातारा काहीही बोलतो. मी रिसीव्हर खांद्यात धरून लिहून घेत होते, म्हणून आवाज तसा आला असेल.

१५ सप्टेंबर, शनिवार

रुग्ण सापडला! हार्लन टूमी. आमच्या हेझल फोर्कचा निवृत्त पोस्टमन. एकतीस वर्षं हा माणूस खेड्यापाड्यांतून पत्रं वाटत फिरला, आणि तीही स्वतःच्या गाडीतून. पत्रपेट्या रस्त्याच्या उजव्या कडेला, गाडीचं स्टिअरिंग डावीकडे. तेव्हा हे महाशय दोन सीटांच्या मधोमध बसायचे, डाव्या पायाने आणि डाव्या हाताने गाडी हाकायचे आणि उजवा हात खिडकीबाहेर काढून पत्रं टाकायचे. एकतीस वर्षं, दिवसाला चारशे पेट्या. आता पाठ अशी आहे की नदीलासुद्धा इतकी वळणं नाहीत. कंबर एकीकडे, खांदा दुसरीकडे, बरगड्यांनी तिसराच रस्ता धरलेला.

विचारलं तर लाजला. "डॉक्टरबाई, शर्ट काढावा लागेल?"

"काढावा लागेल."

"तीसजणांसमोर?"

"तीस जमले तर. दोन वेळचं जेवण आहे. चर्चच्या बायका घेवडा-खिम्याची चिली करणार आहेत, बरोबर दालचिनीचे रोल."

"मग शर्टाचं काय एवढं," हार्लन म्हणाला.

अशी पाठ अख्ख्या मिझुरीत दुसरी मिळायची नाही. मला तर आनंदाने ओरडावंसं वाटलं. एखाद्याच्या दुखण्यावर इतकं खूश होणं बरं नाही, पण इथे कोण वाचतंय.

२३ सप्टेंबर, रविवार

टेबलं गोळा करतेय. निम्मी कॉलेज देणार. उरलेली निवृत्त डॉक्टरांच्या तळघरांतून काढतेय. एकावर टोमॅटोच्या बरण्या, एकावर आगगाडीचा खेळ रूळांसकट मांडलेला. तिसऱ्यावर त्यांचं कुत्रं झोपतं, ते उठायला तयार नाही, आणि मालकीणबाई म्हणाल्या, त्याला विचारून न्या.

चर्चच्या मागे गाडी वळवताना कचऱ्याचं पिंप आडवं केलं. पिंप नेहमीच्या जागी नव्हतं. पाद्रीसाहेब म्हणाले, नेहमीच्याच जागी आहे, तुम्ही मागे वळून बघत नाही. मी आरशात बघते. आरसे कशाला असतात?

वेंडल दर रविवारी चर्चमधून आल्यावर माझी मान बघायचा आणि मी त्याची कंबर. आमची भांडणंही तशीच मिटायची. पालथं पडून माणूस किती वेळ भांडणार. आज हे उगाच आठवलं. उजवा खांदा भरून आलाय, टेबलं उचलली म्हणून.

२ ऑक्टोबर, मंगळवार

फक्त एकोणीस नावं. पत्रं पाठवली, आठवणपत्रं पाठवली. लोक म्हणतात, घरी बसून तास भरता येतात, दीडशे मैल कोण येणार.

बेव्हला म्हटलं, बंदच पडू दे एकदाचं. वेंडलचं शिबिर माझ्या हातून बुडालं म्हणून लोक बोलतील, बोलू देत.

ती म्हणाली, "अगं, तुझ्या पत्रात आहे काय? 'हस्तोपचार कौशल्यांची उजळणी'. मला कळलं नाही, तर त्यांना काय कळणार?" आणि फोन ओढून घेतला. पुढचा तासभर मी दाराआडून ऐकत होते. "डॉक्टर, आमच्याकडे एक पाठ आली आहे. अहो, पोस्टमनची. एकतीस वर्षं उजव्या खिडकीतून. नाही, फोटो नाही पाठवत. यायचं आणि बघायचं." प्रत्येकाला तेच. जणू गावात सर्कस आली आहे.

फोन ठेवून मला म्हणाली, "या लोकांना माहिती नको असते, पाठ हवी असते. तूही पूर्वी तशीच होतीस. आता तीन वर्षांत संगणक सोडून कशाला हात लावला आहेस?"

मी म्हटलं, पेशंट वाढलेत, वेळ कुठे असतो. तिने भुवई वर केली. तिच्या भुवया पगारात धरलेल्या नाहीत, तरी काम करतात.

८ ऑक्टोबर, सोमवार

चौतीस!!! बेव्हला ॲपल पाय घेऊन दिला. तिने अख्खा खाल्ला आणि मला एक घास दिला.

दुपारी शिबिरातल्या खेळाची तयारी केली. जुना खेळ आहे. टेलिफोनच्या जाड पुस्तकात एका पानाखाली केस ठेवायचा आणि वरून बोटांनी तो कुठे आहे ते शोधायचं. मग वर आणखी एक पान, आणखी एक. नवख्याला चार पानांखालचा केस कळला तरी शाबासकी. बेव्ह केस द्यायला तयार नव्हती ("रंगाला चाळीस मिनिटं लागतात, कळलं?"), म्हणून स्वतःचा घेतला. करून बघितलं तर अकरा पानांखालचाही लागत होता. हल्लीच्या पुस्तकांचा कागद फार पातळ झालाय.

१२ ऑक्टोबर, शुक्रवार

सगळे येऊन पोचले. चर्चच्या तळघरात सतरा टेबलं, कुत्र्याचं धरून. पेनॉक सर नातीच्या गाडीतून उतरले आणि आधी स्वयंपाकघरात गेले. परीक्षक, डॉ. इनेझ थॉर्नबरो, उंच, सडसडीत, बॅगेची चेन कायम बंद. हसतात की नाही ते अजून कळलं नाही.

त्यांनी हार्लनला तपासलं. पाऊण तास! दोन पानं भरली. मधे एकदा म्हणाल्या, "अरे देवा." मग चष्मा पुसून पुन्हा तपासलं. पेनॉक सर शेजारी उभे होते, लग्नात जेवणाच्या पंगतीकडे बघावं तसे बघत होते. ठरलं ते असं: उद्या दिवसभर सराव, रविवारी सकाळी नऊला सर सगळ्यांसमोर हार्लनवर उपचार करणार, थॉर्नबरो बाई या कागदाशी ताडून बघणार.

हार्लनला म्हटलं, उद्या तुमचं काही काम नाही, घरी आराम करा. तो म्हणाला, "उद्या चिली आहे ना?"

१३ ऑक्टोबर, शनिवार

काय दिवस होता! किती वर्षांनी इतका गोंगाट ऐकला. चौतीस डॉक्टर, वय तीस ते शहात्तर, सगळे मोजे काढून, शर्ट बाहेर काढून शाळेतल्या पोरांसारखे. "हळू! तो माझा खांदा आहे, दाराची कडी नाही." "मागच्या वेळी तू जिथे दाबलंस तिथे अजून दुखतंय, दोन हजार सहापासून." एकीने जोडीदाराची कंबर सरळ केली तर असा आवाज झाला की स्वयंपाकघरातून बायका धावत आल्या, टेबल मोडलं म्हणून. मग त्या गेल्याच नाहीत, बघत उभ्या राहिल्या.

पेनॉक सर टेबलांमधून फिरत होते. हात थरथरतात त्यांचे, पण पाठीवर ठेवले की थांबतात. एका तरुण डॉक्टरला म्हणाले, "तू पाठीला प्रश्न विचारतोयस आणि उत्तर द्यायच्या आत पुढचा विचारतोयस. बायकोशी असाच बोलतोस का?" त्याची बायको शेजारच्याच टेबलावर होती. ती "हो" म्हणाली.

मी दिवसभर पळतच होते. कॉफी, टॉवेल, हजेरीचे कागद. अधूनमधून कोणीतरी म्हणायचं, "ट्विला, ये, दोन मिनिटं पड, मान बघतो." लोकांना कळतच नाही की एवढ्या मोठ्या कार्यक्रमात प्रमुखाला दोन मिनिटं नसतात. कॉफीचं भांडं घेऊन हिंडलं की कोणी थांबवत नाही, हे लक्षात आलं. मग दुपारभर भांडं हातात ठेवलं, रिकामं असतानाही.

हार्लन सकाळी आठपासून हजर. मला वाटलं कंटाळेल, पण माणूस रमला. या टेबलावर जा, त्या टेबलावर जा, सगळ्यांशी गप्पा. कधी बसून गप्पा, कधी चक्क आडवं पडून. लोकांनाही त्याचं भारी कौतुक. चिलीचे तीन वाडगे संपवले. संध्याकाळी जाताना मला म्हणाला, "डॉक्टरबाई, अशी माणसं मी बघितली नाहीत. सगळी हाताने बोलतात." त्याला निरोप देताना वाटलं, हा थोडा उंच दिसतोय. नवे बूट असतील.

उद्याचं काही टेन्शन नाही. पाठ तयार आहे, सर तयार आहेत.

१४ ऑक्टोबर, रविवार

क्रमाने लिहिते, नाहीतर काहीतरी सुटेल.

पावणेनऊला हार्लन जिना उतरून आला. उतरून काय, जवळजवळ नाचत. ताठ! दोन्ही खांदे एका रेषेत. पँटचा एक पाय जमिनीवर लोळत होता.

"डॉक्टरबाई, बघा तर खरं! वीस वर्षं बायको, ओलीटा, माझा डावा पायचा जास्त दुमडून शिवते, कंबर वाकडी म्हणून. आज सकाळी पँट चढवली तर ही दशा. ओलीटा रडायलाच लागली. आनंदाने. नंतर म्हणाली, आता कपाटातल्या सगळ्या पँटी उसवायच्या का?"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. थॉर्नबरो बाईंनी त्याला उभं केलं, वाकवलं, बसवलं, हात फिरवला. कागद बघितला. पुन्हा हात फिरवला.

"हा कागद आणि हा माणूस," त्या म्हणाल्या, "यांची ओळखसुद्धा नाही."

मी खुर्चीवर चढले. "काल हार्लनला कोणी हात लावला?"

मागून एक हात वर आला. "मी फक्त बरगड्या. त्यांनीच विचारलं."

"मी कंबर. दोनच मिनिटं. मला वाटलं, सर बाकीचं करतील."

"मी डावा खांदा. म्हटलं, सरांना सोपं जाईल."

"मला वाटलं मी एकटाच," असं तर एकाच वेळी सहाजण म्हणाले. एकेक करत एकोणतीस हात वर गेले. उरलेले पाच रांगेत होते म्हणे, तेवढ्यात चिली वाढली. आणि हार्लन? "मला वाटलं कार्यक्रमच तो आहे."

पेनॉक सर भिंतीला टेकून इतके हसत होते की डोळे पुसायला टॉवेल द्यावा लागला. "पन्नास वर्षं शिकवतोय," म्हणाले. "वाकडी पाठ समोर असताना हात खिशात ठेवणारा एकही डॉक्टर मी तयार केला नाही. दोष माझा आहे, बाई. माझेच गुण कापा."

"आनंदच आहे," थॉर्नबरो बाई म्हणाल्या, "पण हे मी पाहिलेलं नाही. न पाहिलेल्यावर मी सही करत नाही. वीस मिनिटं देते. दुसरा रुग्ण आणा. ज्याला इथे कोणी हात लावलेला नाही असा."

आता असा माणूस आणायचा कुठून? डॉक्टरांनी एकमेकांना काल तीन-तीनदा सरळ केलेलं. स्वयंपाकघरात गेले तर बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. दुपारी चौघा डॉक्टरांनी त्यांचे खांदे मोकळे केले होते. म्हणून रोल उशिरा आले! पाद्रीसाहेबांचा गुडघा झाला होता. टेबलवाल्या कुत्र्याला सोडायला मालकीणबाई आल्या होत्या, त्यांची टाच झाली होती. आणि कोणीतरी दबक्या आवाजात सांगितलं की कुत्र्याचंही झालंय.

मी थॉर्नबरो बाईंकडे बघितलं. त्यांनी बॅगेकडे बघितलं. कान लाल झाले होते. "काल कॉफीच्या वेळी," त्या म्हणाल्या, "मान. सहा तास गाडी चालवून आले होते."

संपलं, मला वाटलं. वेंडलने बावीस वर्षं चालवलं आणि मी दीड महिन्यात बुडवलं. आणि बुडवलं कशाने, तर लोक चांगले आहेत म्हणून. कोणावर चिडायचं तेही कळेना.

तेव्हा बेव्ह म्हणाली, "एकजण आहे."

"कोण?" मी विचारलं. खरंच विचारलं! इकडेतिकडे बघितलंसुद्धा, म्हणजे सगळं अंग वळवून बघितलं. आणि मग दिसलं की चौतीसच्या चौतीस माझ्याकडे बघताहेत.

"छे," मी म्हटलं. "मी प्रमुख आहे. मला काही झालेलं नाही. नुसती उशी बदलायला हवी."

"उशी या वर्षात चार वेळा बदललीस," बेव्ह म्हणाली.

"बेव्ह, कॉफी संपली असेल, बघ जरा."

"कॉफीचं भांडं तुझ्याच हातात आहे."

सरांनी भांडं काढून घेतलं. "पोरी," म्हणाले, "मोजे काढ."

पडले आडवी. करते काय? थॉर्नबरो बाई तपासत गेल्या आणि मोठ्याने वाचत गेल्या, म्हणजे मागच्यांनाही ऐकू जावं. मान उजवीकडे निम्मीच वळते. डावीकडे त्याहून कमी. उजवा खांदा कानाच्या दिशेने निघालेला. वरच्या तीन बरगड्या श्वास घेतच नाहीत. जबडा आवळलेला. मला वाटलं, हे दुसऱ्याच कोणाबद्दल बोलताहेत.

"कधीपासून आहे?" कागदावर तो रकाना असतो.

"टेबलं उचलली तेव्हापासून. महिनाभर."

"तीन वर्षं आठ महिने," बेव्ह म्हणाली.

"बेव्ह!"

"लिहा, बाई. फेब्रुवारी दोन हजार नऊ. तारखा मी सांभाळते."

पेनचा आवाज तेवढा आला. इथल्या निम्म्या लोकांनी वेंडलला खांदा दिला होता, त्यांना महिना सांगायची गरज नव्हती.

मग नियमाप्रमाणे सगळ्यांनी तपासायचं होतं. एकामागून एक आले. चौतीस जोड्या हात, मानेवर, खांद्यावर, कवटीच्या खाली. काही गार, काही गरम, एका हाताला दालचिनीचा वास. कोणी म्हणालं, "सॉरी, हात गार आहेत." कोणी म्हणालं, "ट्विला, हे काय गं करून ठेवलंयस?" शहात्तर वर्षांचे डॉ. हब्बर्ड नुसती टाळूवर थाप मारून गेले. पहिल्या दहांना मी मनातल्या मनात मोजत होते, कधी संपणार म्हणून. विसाव्याच्या आसपास मोजणं सुटलं. शेवटचा झाला तेव्हा वाटलं, एवढेच होते?

मग सर. स्टूल ओढून डोक्याशी बसले आणि माझं डोकं दोन्ही हातांत घेतलं. सभेला सांगायला लागले, बोटं कुठे आहेत, ती कशाची वाट बघताहेत. मला हळूच म्हणाले, "सोड."

"सोडलंय, सर."

"नाही सोडलेलं. डोकं मी धरलंय, पडणार नाही. सोड."

किती वेळ गेला माहीत नाही. मानेत काहीतरी हललं, आवाज नाही, झटका नाही, चुरगळलेला कागद आपोआप उलगडतो तसं. खांदा खाली गेला. आणि बरगड्यांनी एवढा मोठा श्वास घेतला की मीच दचकले. मला वाटलं होतं आता रडू येणार. सगळ्यांनाच वाटलं असावं, कारण पहिल्या रांगेतल्या तिघांनी टॉवेल तयार ठेवले होते. आलं हसू. थांबेचना! टेबल हलायला लागलं. हार्लन हसायला लागला, मग स्वयंपाकघर, मग सगळे. सरांनी डोकं सोडलं नाही. हसणाऱ्याचं डोकं धरून तसेच शिकवत राहिले. "बघा, आता बरगड्या हलताहेत. वरच्या तिन्ही. या, हात लावून बघा."

पुन्हा चौतीसजण आले. या वेळी मी कोणालाही घाई केली नाही.

थॉर्नबरो बाईंनी सगळ्यात शेवटी तपासलं. उजवीकडे, डावीकडे, खांदा, बरगड्या. कागद भरला, त्यावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या, स्वतःची केली, आणि बॅगेची चेन उघडून शिक्का काढला. "शिबिर चालू राहील," म्हणाल्या. "फक्त पुढच्या वर्षी रुग्णाला शुक्रवार ते रविवार दुसऱ्या गावात ठेवा." मग हसल्या. त्यांना हसता येतं.

तळघरात जो दंगा झाला तो लिहिता येत नाही. बेव्ह आणि हार्लन नाचले. हार्लनने एका हाताने पँटचा पाय वर धरला होता.

वेंडल असता तर कोपऱ्यात उभा राहून रोल खात बघत बसला असता. तो गेल्यापासून मला कोणी हात लावला नव्हता. मीच लावू दिला नव्हता. इतके दिवस मला हे माहीत नव्हतं, आणि आता ते शिक्क्यासकट राज्य संघटनेच्या कागदावर आहे, चौतीस डॉक्टरांच्या सह्यांनिशी.

दुपारी सगळे तास भरण्याचे कागद लिहीत बसले. बेव्हने थॉर्नबरो बाईंना विचारलं, "आमच्या डॉक्टर दीड तास नुसत्या झोपल्या होत्या. ते तास धरायचे का?"

"त्यांना काही शिकायला मिळालं का?" बाईंनी मला विचारलं.

"मिळालं," मी म्हटलं.

"मग धरा. शेवटचा प्रश्न मात्र भरा."

शेवटचा प्रश्न प्रत्येक शिबिराच्या कागदावर असतो. या शिक्षणामुळे आपल्या कामात आपण कोणता बदल कराल? दोन रेघा सोडलेल्या असतात. वीसपंचवीस वर्षं सगळे तेच लिहितात, नव्या ज्ञानाचा रुग्णांसाठी वापर करीन, आणि जेवायला पळतात. मी पेन घेऊन बसले. हॉल रिकामा झाला, टेबलं मिटवून झाली, सर नातीच्या गाडीत बसून हात हलवून गेले, तरी मी बसलेली.

शेवटी लिहिलं: माणसांना हात लावेन. त्यांनाही लावू देईन.

बेव्हने माझ्या खांद्यावरून वाचलं. मला वाटलं, आता ही काहीतरी बोलणार. तिने कागद घडी करून लिफाफ्यात घातला, आणि हात माझ्या मानेवर ठेवला. तिला यातलं काही येत नाही, ती डॉक्टर नाही. मी पाकिटावर पत्ता लिहून होईपर्यंत तो हात तिथेच राहू दिला.